पांढऱ्या डोळ्याचा जिताडा

कासूच्या स्टेशनावरून पश्चिमेला निघालं की जिथे डांबर संपतं तिथून बांध सुरू होतो. बांधाच्या एका अंगाला भातखाचरं, दुसऱ्या अंगाला खाडीचा चिखल, आणि मध्ये भालखारची उघाडी. उघाडी म्हणजे बांधातलं दगडी दार, त्याला लाकडी झडपा. भरतीचं पाणी बाहेरून रेटून झडपा बंद करतं, ओहोटी लागली की शेतातलं पाणी आतून रेटून त्या उघडतं. माणसाला तिथे फारसं काम नाही. तरीही गावानं उघाडीवर एक माणूस नेमलेला असतो, आणि बऱ्याच वर्षांपासून तो माणूस जनू म्हात्रे होता.

जनूचा बाप याच दगडावर बसायचा. तरुणपणी जनूनं मिठागरात काम केलं. उन्हात पाण्याचं मीठ होताना बघायचं आणि ते फळीनं ओढायचं, एवढंच ते काम. पुढे बाप गेला, मिठागरं एकेक करून ओस पडली आणि जनू उघाडीवर येऊन बसला. झडपेत ओंडका अडकला तर तो काढायचा, बांधाला खेकड्यानं भोक पाडलं तर चिखल थापायचा, आणि उरलेला वेळ बसायचं. दुपारी त्याला झोप लागत नसे आणि जागही नीट राहत नसे. उघड्या डोळ्यांना खाचरांवर उन्हाचं पाणी लहरताना दिसे, मिटलेल्या डोळ्यांना खाडीचं. त्या मिटलेल्या पाण्यात तो उतरून जाई. उघाडीच्या तोंडाशी पाण्यानं कोरलेली खोल कोंड होती. तिच्या तळाशी मोठे जिताडे डोकी प्रवाहाकडे करून, कल्ले हलवत, काहीही न करता उभे असतात असं त्याला दिसे. ते त्याच्यासारखेच राखणीला बसले आहेत असं वाटे. मग झडप धप्प करून मिटे आणि जनू वर येई.

जिताडा हा या खारेपाटातला मानाचा मासा. पांढरा, जाड मांसाचा, काटा कमी. त्याची पिल्लं पावसाळ्यात खाडीतून उघाडीशी येतात, झडपांच्या फटींतून आत शिरतात. भालखारमध्ये प्रत्येक घरामागे तळं आहे. लोक पिल्लं झोळीनं धरून तळ्यात सोडतात, कोळंबी-मासळीवर वाढवतात आणि लग्नकार्य निघालं की काढतात. घरी पाहुणा आला आणि पानात जिताडा पडला, की पुढचं बोलणं सोपं जातं. तालुक्याला काम अडलं तरी ओल्या गोणपाटात गुंडाळलेला जिताडा पेणेला जातो. याबद्दल गावात कुणी लाजत नाही.

उघाडीच्या तोंडाशी मासे धरायचा हक्क गाव दर साली अक्षय तृतीयेला बोली लावून देतं. त्या पैशावर बांधाची दुरुस्ती होते. ज्याची बोली, त्याचं जाळं. नियम एकच होता आणि तो जनूच्या बापानं घातलेला होता: लेकरू सोडायचं, म्हातारा धरायचा. हाताएवढा मासा जाळ्यात आला तर परत पाण्यात. मोठा आला तर बाजारात. म्हातारा जगून झालेला असतो, लेकराला जगायचं असतं. नियम माणसाच्या मनाला पटण्यासारखा होता, आणि जनूनं तो कसोशीनं पाळायला लावला. जाळं वर आलं की तो स्वतः उठे, बारके मासे उचलून पाण्यात टाके. त्याची बढाई तो फारशी मारत नसे, पण बाहेरगावचा कुणी आला की एकदा तरी सांगे.

तरी पिल्लं कमी होत गेली. आधी तळी भरत, मग अर्धी भरू लागली, मग लोक एकमेकांकडे पिल्लं मागू लागले. रोह्यापर्यंत रेल्वे येऊन दोन-तीन वर्षं झाली तेव्हा पावसाळाभर झोळी टाकून मूठभर पिल्लं मिळायची. कारणं गावाकडे भरपूर होती. कुणी म्हणे कारखान्यांचं पाणी, कुणी म्हणे समुद्रातल्या यांत्रिक बोटी, कुणी म्हणे रेल्वेच्या भरावानं पाण्याची वाट फिरली. जनूला सगळीच खरी वाटत. दुपारी डोळे मिटले की कोंडीत आता एखादाच मासा उभा दिसे, आणि कधी तोही नाही.

त्याच्या स्वतःच्या तळ्यात मात्र एक होती. तिला घरात काणी म्हणत. धाकटी लेक पुतळी लहान असताना तिनंच ते पिल्लू ओंजळीतून आणून सोडलं होतं. पहिल्याच वर्षी बगळ्याची चोच लागून त्याचा डावा डोळा पांढरा झाला. मासा मरेल असं वाटलं होतं. तो मेला नाही. दर वैशाखात तळं आटायला आलं की बाकीचे मासे काढत आणि काणीला पुढच्या वर्षासाठी ठेवत. आता ती बोटांपासून खांद्यापर्यंत लांब झाली होती. पुतळी काठावर बसून पाण्यावर टिचकी मारी तेव्हा ती उजव्या डोळ्याची बाजू वर करून येई.

पुतळीचं लग्न रोह्याजवळच्या वरसे गावात ठरलं. मुलगा कंपनीत होता, मुलाचा बाप दिनानाथ भातशेती करून आता थकलेला, शांत बोलणारा माणूस. साखरपुड्याला तो आला तेव्हा जनूनं त्याला तळ्यावर नेलं. काणी वर आली, पाण्याखालून पांढरी झाक देऊन गेली.

"मांडवपरतनीला ही तुमच्या पानात," जनू म्हणाला.

"एवढा?" दिनानाथ म्हणाला. "मग मी भावकीला जेवून येऊ नका म्हणून सांगतो."

लग्नानंतर नवरा-नवरी आणि वरपक्ष मुलीच्या घरी परत जेवायला येतो, ती मांडवपरतणी. त्या जेवणाचा शब्द असा गेला. मार्गशीर्षातली धुक्याची सकाळ होती. तळ्याच्या पलीकडचा काठ दिसत नव्हता, आणि दोघे व्याही आपण एका मोठ्या पाण्याच्या कडेला उभे असल्यासारखे बराच वेळ उभे राहिले.

चैत्रात ती गोष्ट घडली. त्या सालची बोली विठूची होती. विठू जनूच्या शेजारचा, तोंडाचा तिखट. त्याच्या जाळ्यात कोंडीतला एक मोठा जिताडा आला. विठूची बायको माहेरी गेली होती म्हणून त्यानं मासा कापायला जनूच्या घरी आणून टाकला. जनूची बायको सीताबाई परसात विळीवर बसली. जनू पलीकडे जाळ्याचा फाटका कोपरा शिवत होता. सीताबाईनं पोट चिरलं आणि गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, बाहेर काढून ताटलीत ठेवली. दोन जाड पिवळ्या पट्ट्या होत्या, ताटलीबाहेर लोंबणाऱ्या.

"चांगली भरलीय," ती म्हणाली. "लई दिवसांनी."

"लई दिवसांनी का? मासे तर येतात घरी."

"येतात ते तल्यातले, बारके. गाबोली मोठ्यातच असते."

जनूचा हात थांबला. "हातभर असतो त्याच्यात नसते?"

"नाय. त्याच्यात दुधासारखी पट्टी असते. नराची."

"कधीच नसते?"

"मी काय आज पहिल्यांदा विली घेतली का?"

"मंग हे तू कधी बोलली नायस."

"तुमी कधी इचारलं नाय. तुमाला गाबोली दिसते ती तललेली." सीताबाईनं खवले झटकले. "बाप्यांनी मासा धरायचा, बाप्यांनी इकायचा. आत काय हाय ते आमी बघायचं."

जनूनं जाळं बाजूला ठेवलं आणि तो उघाडीवर जाऊन बसला. भरती आली, झडपा मिटल्या. त्याला बाप आठवला, बापाचा नियम आठवला, आणि आपल्या हातून पाण्यात परत गेलेले सगळे बारके मासे आठवले. ते सगळे नर. बाजारात गेलेल्या सगळ्या माद्या. असं असेल तर पिल्लं येणार कुठून? आणि बारके सगळे नर आणि मोठ्या सगळ्या माद्या हे तरी कसं? मधले नर कुठे जातात? ओहोटी लागेपर्यंत त्यानं हा हिशोब मनात फिरवला. शेवटी एकच उत्तर उरलं, आणि ते इतकं विचित्र होतं की तो एकटाच हसला.

पेणेच्या बाजाराला गेला तेव्हा त्याला मत्स्य खात्याचा एक ओळखीचा माणूस दिसला, तळ्यांच्या कामासाठी गावात येऊन गेलेला. जनूनं त्याला चहाच्या टपरीवर गाठून विचारलं. तो म्हणाला, हो, तसंच असतं. हा मासा आधी नर असतो, काही वर्षांनी मोठा झाला की त्याची मादी होते. अंडी घालायला खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात जाते. त्या माणसाला यात काही नवल वाटलं नाही, त्यामुळे जनूला आणखीच नवल वाटलं. परतताना एसटीच्या खिडकीतून त्याला रामवाडीची दुकानं, रंगवलेल्या पाट्या, मागे पडणारी झाडं दिसत होती आणि सगळ्यांच्या आतून मासे पोहत जात होते.

अक्षय तृतीयेला देवळाच्या ओट्यावर बोलीसाठी गाव जमलं. जनूनं उठून सांगितलं. सांगताना त्यानं सीताबाईचं नाव घेतलं, खात्याच्या माणसाचंही घेतलं. मोठा मासा सोडायचा, मधला धरायचा, असा नियम करू या, असं म्हणून तो खाली बसला.

मग विठू म्हणाला, "जनूदादा, मंग तुझ्या जिताड्याला लुगडं घेऊन ठेवलंस का?"

"आधी टोपी, मंग पदर," मागून कुणीतरी म्हणालं.

"हलद कधी लावायची ते सांग. आमी येताव."

हशा बराच वेळ चालला. जनूनं तो संपू दिला.

"हसा," तो म्हणाला. "हसून झालं की तुमच्या तल्यांत पिल्लं किती हायत ते सांगा."

"ते रोह्याच्या पान्यानं," विठू म्हणाला.

"रोह्याचं पानी कुंडलिकेला जातं. आपली खाडी अंबेची. रोह्याला आपन लेकी देताव, पानी नाय येत तिकडचं."

यावर विठू गंभीर झाला. त्याचं बोलणं आता चेष्टेचं नव्हतं. मोठा मासा धरायचा नाही, तर बोली कोण लावणार? आणि बोलीच लागली नाही तर बांधाला माती कशी पडणार? एका उधाणानं बांध फुटला तर जिताडा बाई असो की बाप्या, सगळ्या गावाचा भात खारा होईल. ओट्यावरची डोकी हलली. मुद्दा खरा होता.

जनूनं हेही उघाडीवर बसून उलटंपालटं केलेलं होतं. "बोली एका सालाची असते," तो म्हणाला. "म्हनून ज्याची बोली तो कोंड उपसून काढतो. पुढच्या साली दुसरा येनार, त्याच्यासाठी कोन मागं ठेवंल? मी तरी ठेवला नसता. तीन सालांची बोली द्या. आज कमी घ्या. मंग जो घेईल तोच राखंल, त्याचाच मासा हाय म्हनून. आनि पैसे कमी पडतील तेवढी माती घरटी एका मानसानं टाकायची."

"आनि तीन सालांत मी मेलो तर?" विठू म्हणाला.

"तुझा जिताडा बाई होऊन तुझं सुतक पालंल."

यावेळी हशा विठूवर आला. तो स्वतःही हसला, आणि मग हसणं थांबवून त्यानं जनूकडे बघितलं.

"कबूल. मी लावतो तीन सालांची बोली. पन आधी तुझ्या तल्यातली काणी सोड. तिच्याएवढी मोठी आता खाडीत तरी हाय का? ती सोड, मंग आमी मोठा मासा सोडू."

"ती मांडवपरतनीची हाय."

"तेच बोलतोय मी."

कुणी हसलं नाही. विठूनं मागितलं ते न्यायाचं होतं, आणि जनूला ते कळत होतं. व्याह्याच्या पानात काणी पडली असती तर उद्या उघाडीवर कुणीही त्याचा शब्द मानला नसता. नाही पडली तर व्याह्याला दिलेला शब्द मोडणार होता, आणि लेक तर त्याच घरात नांदायला जायची होती.

पुतळी तळ्यावर कोळंबी टाकत होती तेव्हा त्यानं तिला विचारलं. काणीचा उजवा डोळा पाण्याबाहेर आला, गेला.

"सासरी ऐकून घ्यायचं ते मना, बा," ती म्हणाली. "तू उघाडीवर बसशील. तिथं कोन बोलतंय?"

"म्हनून तर इचारतोय."

"सोड." तिनं हातातली शेवटची कोळंबी पाण्यात टाकली. "पन पुतलीनं सांगितलं म्हनून सोडली असं कुनाला बोलू नको. ते पन माझ्याच अंगावर येईल."

जनू गाडीनं रोह्याला गेला, तिथून पायी वरशाला. दिनानाथनं सगळं ऐकून घेतलं. नर, मादी, गाबोळी, उघाडी, बोली. त्याची बायको विमलबाई चहा घेऊन आली ती दारातच उभी राहून ऐकत होती.

"एका माशासाठी एवढं लांब आलात?" दिनानाथ म्हणाला.

"शब्द दिला होता."

"मुलगी देताय ना?" विमलबाई म्हणाली. "मग झालं. माशाला नांदायला नाय आणायचं आम्हाला."

दिनानाथ हसला. मग कप खाली ठेवून म्हणाला, "आमच्या इकडं नदीत आता सोडायलाही काय राहिलं नाय. तुम्ही सोडताय ते बरं करताय. भावकीला मी सांगून बसलोय, एवढंच. असो."

परतीच्या गाडीत जनूला ते 'असो' ऐकू येत राहिलं. दोन्ही बाजूंना कापलेली भाताची शेतं पिवळी पडलेली, त्यांवर संध्याकाळचा धूर पसरलेला. गाडी कासूला थांबली तेव्हा तो उतरायचाच विसरत होता.

वैशाखी पुनवेच्या उधाणाला, भर दुपारी, काणीला तळ्यातून काढलं. तळं गुडघाभर उरलं होतं, तरी तिनं चौघांना भिजवलं. रोह्याच्या कुठल्याशा कंपनीतून भंगारात आलेला निळा पिंप अर्धा कापून त्यात पाणी भरलं होतं. काणी त्यात वाकडी होऊन बसली. पिंपाला बांबू घालून एका टोकाला जनूनं आणि दुसऱ्या टोकाला, कुणी न सांगता, विठूनं खांदा दिला.

"बाईमानूस जड असतं," विठू म्हणाला.

"पुढं बघून चाल."

बांध तापलेला होता. खाचरांवर ऊन इतकं लहरत होतं की पुढचं काही जागेवर राहत नव्हतं. झाडं जमिनीपासून सुटून वर तरंगत होती, दूरचं एक शीड आकाशात चालत होतं. जनूला आपण मिटलेल्या डोळ्यांनीच चाललो आहोत असं वाटलं. भरती काठोकाठ आली होती. त्यांनी पिंप उघाडीच्या बाहेरच्या बाजूला कलंडवला. काणी पाण्यात पडली आणि तिथेच थांबली, डोकं झडपेकडे करून, सवयीनं. पुतळीनं पाण्यावर टिचकी मारली नाही. थोड्या वेळानं पाणी फिरलं तेव्हा तीही फिरली आणि कोंडीच्या हिरव्या अंधारात उतरून गेली.

त्या दिवशी विठूच्या नावानं तीन सालांची बोली पक्की झाली. जनू घरी येऊन गाढ झोपला. स्वप्नात कोंड भरलेली होती, एकीमागे एक उभ्या, सगळ्यांचे डावे डोळे पांढरे.

लग्न व्यवस्थित झालं. धवल्यांची गाणी म्हणणाऱ्या बायकांचे आवाज बसले, मांडवातले पंखे दोनदा बंद पडले, वरात कासूहून गाडीनं गेली. मांडवपरतणीला सीताबाईनं कोंबडी केली, खाडीची कोळंबी केली. जिताड्याचं नाव कुणी काढलं नाही. उन्हं चढायच्या आत वरशाची मंडळी बांधावरून येताना दिसली. पुतळी नव्या लुगड्यात पुढे होती, आणि मागे दिनानाथ आणि त्याच्या पुतण्यानं गोणपाटात बांधलेलं काहीतरी लांबट धरलेलं होतं. त्यातून पाणी गळत होतं.

दिनानाथनं ते ओटीवर ठेवलं. "व्याही, राग मानू नका. काल पेणला गेलो होतो, बाजारात दिसला. तुमचा शब्द मोडला असं आमच्या भावकीत कुणी म्हणायला नको. हा तुमचाच समजून वाढा."

जनूनं सुतळी सोडली. बर्फ आणि भुसा बाजूला झाला. मासा उजव्या कुशीवर होता. डावा डोळा वर, दुधासारखा पांढरा.

ओटीवर विठूही होता. त्यानं बघितलं आणि तो अंगणाकडे तोंड करून उभा राहिला. पुतळीनं बघितलं आणि ती पाहुण्यांना पाणी आणायला आत गेली. पाणी आणायला तिला बराच वेळ लागला.

"कुठचा म्हनाली ती इकनारी बाई?" जनूनं विचारलं.

"मानखारच्या उघाडीवरचा म्हणाली. सकाळचाच होता. का, चांगला नाय मिळाला?"

मानखार हे बांधानं गेलं तर खालचंच गाव.

"चांगला हाय," जनू म्हणाला. "ह्याच्यापेक्षा चांगला मिलला नसता."

दिनानाथचा चेहरा खुलला. त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं हे जनूला स्पष्ट दिसत होतं. समोरच्याचा मान राहावा म्हणून माणूस पेणेला जाऊन एवढा मासा घेऊन आला होता, आणि हा माणूस आपल्या लेकीचा सासरा आहे याचं त्याला बरं वाटलं. त्यानं मासा उचलला आणि स्वतःच परसात नेऊन ठेवला.

सीताबाईनं परसात विळी घेतली. पोट चिरल्यावर आत गाबोळी निघाली. कच्चीच, बोटाएवढ्या दोन बारीक पट्ट्या. तिनं त्या धुऊन बाजूला ठेवल्या. विमलबाई मदतीला येऊन बसली होती.

"ती नाय तळायची, विहीणबाई?"

"नाय गो. ती दाखवायची हाय."

व्याह्याला मान म्हणून डोकं वाढतात. सीताबाईनं ते पानात ठेवलं तेव्हा पांढरा डोळा खालच्या अंगाला येईल असं ठेवलं. दिनानाथ पोटभर जेवला, भावकी जेवली. जनूनंही एक तुकडा घेतला. न घेता भागलं नसतं. विठूच्या पानातले दोन तुकडे बराच वेळ तसेच होते.

"जनूदादा," तो हळू म्हणाला, "आमची बोली हाय ती हायच. पन आमी सोडायचं आनि मानखारनं धरायचं, ह्याला काय अर्थ?"

"जेव," जनू म्हणाला.

पाहुणे दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले. पुतळी त्यांच्याबरोबर गेली. कासूच्या रस्त्यापर्यंत त्यांना पोचवून जनू घरी न येता तसाच बांधाला लागला. थोडं गेल्यावर त्यानं मागे बघितलं तर सीताबाई येत होती. तिच्या हातात केळीच्या पानाची पुडी होती.

"तुमी मानखारच्या कान्हूला सांगनार," ती म्हणाली. "कान्हू हसंल. मी त्याच्या बायकोला दाखवते."

मानखारची उघाडी भालखारसारखीच होती. तोच दगड, त्याच झडपा, आणि कान्हू तसाच दगडावर बसलेला. बोलीही त्याची आणि राखणही त्याची, त्यामुळे त्याला विचारणारं कुणी नव्हतं. जनूनं सांगितलं. कान्हू हसला.

"तुमी सोडताव, आमी धरताव. वाईट काय हाय ह्याच्यात, दादा? शेजारधर्म हाय."

दगडाला लागूनच त्याचं घर होतं. परसात सीताबाईनं पान उलगडलं. रात्रभर माठाच्या बुडाशी ठेवूनही गाबोळीला वास यायला लागला होता. त्याच्या बायकोनं, धोंडुबाईनं, वाकून बघितलं.

"कच्ची काढलीत," ती म्हणाली. "कशातली?"

"मोठी होती. डावा डोला पांढरा."

धोंडुबाई नवऱ्याकडे वळली. "ती परवाची. मी बोलले होते, हिचं पोट जड वाटतंय, दोन भरत्या थांब. बोलले होते का नाय?"

कान्हू दगडावरचा सुका चिखल नखानं खरवडू लागला.

"बारक्यात गाबोली नसते ते तुला म्हाईत हाय ना गो?" सीताबाईनं विचारलं.

"ते कुनाला म्हाईत नाय?" धोंडुबाई म्हणाली. मग ती पुन्हा पानावर वाकली. आपल्याला काय माहीत होतं हे तिला आत्ता कळत असावं.

कान्हू दगडावरून उठून झडपेपाशी गेला. पाणी बघितलं, परत आला. त्याच्या चेहऱ्यावरची चेष्टा ओसरली होती. "समजा मी सोडला, दादा," तो म्हणाला. "खाली अजून गावं हायत. धरमतरपर्यंत उघाड्याच उघाड्या. त्यांच्यापुढं बंदर, मंग समुद्रातल्या बोटी. त्यांना कोन सांगनार हाय?"

जनू खाडीकडे बघत राहिला. ओहोटी लागली होती आणि चिखलाची चकाकी एकेक हात वर येत होती.

"बोटींचं मना नाय म्हाईत," धोंडुबाई म्हणाली. "खालच्या गावात माझी भैन दिलीय." तिनं हात लुगड्याला पुसले, पान पुन्हा घडी घालून बांधलं. "चल गो सीताबाय. वास मारायच्या आत जाऊन येऊ."

दोघी बांधावर चढल्या. जनू आणि कान्हू उघाडीच्या दगडावर शेजारी शेजारी बसले. पाण्याच्या रेट्यानं झडपा उघडल्या. बांधावर ऊन लहरायला लागलं होतं, आणि लांब जाता जाता दोघी बाया जमिनीपासून सुटल्या, पाण्यावरून चालल्यासारख्या दिसू लागल्या, मग एकच ठिपका झाल्या.

कान्हू डोळ्यांवर हात धरून बघत होता.

"पान घेतलं ना त्यांनी?" त्यानं विचारलं.

"घेतलं," जनू म्हणाला.